परदेशप्रवासाचे गाइडबुक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळीची सुट्टी आणि पुढचा उन्हाळा यांचे बेत अनेक घरांत आतापासूनच सुरू झाले आहेत, हे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून कळतेच. परदेशी स्वतःच्या हिमतीवर जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी या वेळी बहुतांशी एकाच विषयावर विचारणा केली आहे : गाइडबुक घ्यावे का, आणि घ्यायचे तर ते पारखून कसे घ्यावे? पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही उभयतांनी साठी ओलांडली आहे. येत्या एप्रिलमध्ये टूर कंपनीशिवाय रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस आणि जमल्यास मिलान पाहून यावे, असा विचार आहे. दुकानात इटलीवर चार-पाच मालिकांची पुस्तके दिसतात आणि प्रत्येकाच्या मलपृष्ठावर तेच सर्वोत्तम असल्याचे छापलेले असते. निवड कशाच्या आधारावर करावी? सौभाग्यवतींना गुडघ्यांचा त्रास आहे, हेही कृपया लक्षात घ्यावे. (एक निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोड)

उत्तर : मलपृष्ठ बाजूला ठेवावे. या मालिकांमध्ये जो खरा फरक आहे, तो त्या मुळात कोणत्या प्रवाशासाठी काढल्या गेल्या यातला आहे. लोन्ली प्लॅनेट ही मालिका टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने १९७३ साली, लंडनहून खुष्कीच्या मार्गाने ऑस्ट्रेलियापर्यंत काटकसरीत केलेल्या प्रवासाच्या अनुभवावर सुरू केली. देशाचा कानाकोपरा व्यापणे आणि कमी खर्चाचे पर्याय देणे हा तिचा मूळ पिंड आहे. रफ गाइड्सची सुरुवात १९८२ मध्ये ग्रीसवरील पुस्तकाने झाली आणि त्या देशाचा इतिहास, राजकारण, संगीत यांवर सविस्तर लिहिण्याची त्यांची पद्धत राहिली. डीके आयविटनेसची पुस्तके १९९३ पासून निघू लागली. मोठमोठ्या इमारती आतून उघडून दाखवल्यासारखी चित्रे ही त्यांची खासियत, आणि एखाद्या कॅथीड्रलमध्ये शिरण्यापूर्वी ते चित्र पाहिलेले असले की आत गेल्यावर माणूस गोंधळत नाही. मिशलँची हिरवी पुस्तके स्थळांना तारे देतात (उपाहारगृहांना तारे देणारे लाल पुस्तक वेगळे, ते चुकून उचलू नये). ब्लू गाइड ही १९१८ पासूनची मालिका चित्र, शिल्प आणि वास्तुकला यांच्या अभ्यासकांसाठी आहे. अमेरिकन लेखक रिक स्टीव्ह्ज यांची पुस्तके युरोपापुरती आहेत आणि त्यांत निवड अतिशय कडक असते : त्यांना जे वेळ घालवण्याजोगे वाटत नाही, त्याला पुस्तकात थारा नसतो.

ही शेवटची गोष्ट अनेकांना दोष वाटते. मला तोच गुण वाटतो. माहितीचा साठा आता कोठेही मिळतो. पुस्तकासाठी पैसे मोजायचे ते, कोणीतरी जाणकाराने आपल्या वतीने काय गाळले, त्यासाठी. रोममध्ये पाहण्यासारख्या पाचशे गोष्टी आहेत हे सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा, चार दिवस असतील तर या बारा पाहा, या क्रमाने पाहा आणि बाकीच्यांचे वाईट वाटून घेऊ नका, असे बजावणारे पुस्तक आपल्यासारख्या प्रवाशांच्या अधिक उपयोगाचे आहे.

आता गुडघ्यांचा विषय. दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलचे पान उघडावे. त्या घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. रोममध्ये सेंट पीटर्सच्या घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत. तेथे गच्चीपर्यंत लिफ्ट मिळते, मात्र त्यानंतरही ३२० पायऱ्या उरतात आणि त्या शेवटी अरुंद होत जातात. हे आकडे ज्या पुस्तकात आहेत, त्याच्या लेखकाने तुमच्यासारख्या वाचकाचा विचार केलेला आहे. ज्यात केवळ 'वरून शहराचे विहंगम दृश्य दिसते' एवढेच आहे, ते खाली ठेवावे. वणीच्या गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाल्यापासून ज्यांना देवीचे दर्शन पुन्हा सुकर झाले, त्यांना या माहितीचे मोल वेगळे सांगायला नको.

याच धर्तीवर बंद असण्याचे वार पाहावेत. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी बंद असतात आणि फ्लोरेन्सची उफिझी गॅलरी सोमवारी बंद असते. प्रत्येक स्थळाखाली बारीक अक्षरांत हे सगळीच पुस्तके देतात. चांगले पुस्तक त्यापुढे जाऊन, कार्यक्रम आखण्याच्या प्रकरणातच सांगते की रोममधला रविवार व्हॅटिकनसाठी धरू नका आणि फ्लोरेन्सला सोमवारी पोहोचत असाल तर उफिझी दुसऱ्या दिवसावर टाका. मिलानमधील लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' हे भित्तिचित्र पाहण्यासाठी मोजक्या लोकांना एकेका तुकडीने केवळ १५ मिनिटे आत सोडतात आणि तिकिटे फार आधी संपतात. ही सूचना मिलानच्या प्रकरणात शंभर पाने आत दडलेली असेल, तर ती वाचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. ती पहिल्या वीस पानांत असायला हवी. तसेच तेथील प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. तुमच्या प्रवासात अशा गाड्या येणारच, म्हणून ही सूचना ठळक चौकटीत आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

याशिवाय एक कसोटी आहे, जी आपल्याला घरबसल्या लावता येते आणि जी मी परिचितांना आग्रहाने सांगतो. ज्या मालिकेतले इटलीचे पुस्तक घ्यायचे आहे, त्याच मालिकेतले भारताचे पुस्तक उघडून आपल्या नाशिकचे पान वाचावे. इटलीबद्दल लेखक बरोबर लिहितो की चूक, हे आपल्याला समजण्याचा मार्ग नाही. नाशिकबद्दल मात्र तो आपल्याला फसवू शकणार नाही. रेल्वे स्टेशन गावात नसून नाशिकरोडला आहे आणि तेथून पंचवटी आठ-नऊ किलोमीटर लांब पडते, हे त्यात आहे का? पहिल्यांदा येणारा परका माणूस नेमका येथेच फसतो, आणि लेखक खरोखर गाडीतून उतरला असेल तरच हे लिहितो. रामकुंडावर सकाळी काय चाललेले असते आणि तेथे पिंडदानाला बसलेल्या कुटुंबांवर कॅमेरा रोखू नये, असे सांगितले आहे का? त्र्यंबकेश्वराला श्रावणी सोमवारी जाण्याचे परिणाम लिहिले आहेत का? २०२१ पासून धावणाऱ्या सिटीलिंक बसचा उल्लेख आहे का, आणि २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या बाजूचा टप्पा खुला होऊन समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, हे नव्या म्हणवणाऱ्या आवृत्तीला ठाऊक आहे का? की पांडवलेणी दोन ओळींत उरकून बाकी सगळे पान द्राक्षमळे आणि वाइन यांनीच भरले आहे? एका लेखकावरून संपूर्ण मालिका जोखणे थोडे अन्यायाचे आहे, कारण प्रत्येक देशाचे लेखक वेगळे असतात. तरीही संपादकांची शिस्त, नकाशाची अचूकता आणि माहिती ताजी ठेवण्याची आच या गोष्टी मालिकेच्या असतात आणि त्या नाशिकच्या पानावर स्पष्ट दिसतात.

एवढे पाहून झाल्यावर तुमच्यासाठी माझी शिफारस अशी : सोबत नेण्यासाठी रिक स्टीव्ह्ज यांचे इटलीवरील पुस्तक, आणि घरी सोफ्यावर बसून दोघांनी मिळून पाहण्यासाठी डीकेचे. पहिल्यातला विनोद अमेरिकन आहे आणि काही वेळा अंगावर येतो, तेवढे सहन करावे. खरेदीपूर्वी व्हेनिसचे प्रकरण उघडून, दिवसापुरते येणाऱ्या पर्यटकांवर एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी लावले जाणारे प्रवेशशुल्क नोंदवलेले आहे याची खात्री करून घ्यावी. ते नसेल, तर हातातली आवृत्ती जुनी आहे.

प्रश्न : दिवाळीत मित्रांसोबत आठ-नऊ दिवस व्हिएतनामला जाणार आहोत. हनोईपासून हो चि मिन्ह शहरापर्यंत सगळे पाहायचे आहे. फोनवर नकाशा, हॉटेल, व्हिडिओ, भाषांतर असे सर्व काही असताना हजार-दीड हजार रुपयांचे पुस्तक घेण्यात काय अर्थ आहे? (एक अभियंता, सातपूर)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे. दिवाळी म्हणजे ऑक्टोबरची अखेर किंवा नोव्हेंबरचा पूर्वार्ध. या काळात हनोई आणि हा लाँगच्या बाजूला हवा कोरडी व सुखद होऊ लागते, दक्षिणेत पाऊस ओसरत असतो, आणि मधल्या किनाऱ्यावर, म्हणजे ह्युए व होई आन या भागात, नेमका वर्षातला सर्वाधिक पाऊस पडत असतो. होई आनच्या जुन्या गावात नदीचे पाणी रस्त्यांवर येणे ही या महिन्यांत नवलाची गोष्ट नाही. एकाच देशात एकाच आठवड्यात तीन प्रकारची हवा असू शकते, हे ठाऊक नसलेला माणूस फोनवर 'व्हिएतनाम नोव्हेंबर हवामान' असे शोधतो, हनोईचे तापमान पाहून समाधान पावतो आणि होई आनचे हॉटेल भरून टाकतो. फोन तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चोख देतो. जो प्रश्न आपल्या मनातच आला नाही, त्याचे काय? बऱ्या गाइडबुकात 'केव्हा जावे' हे प्रकरण सुरुवातीलाच असते, त्यात प्रदेशवार तक्ता असतो, आणि तो पाहता पाहता आपल्या बेतातले भोक आपल्याला आपोआप दिसते.

अंतराचेही तसेच. हनोई ते हो चि मिन्ह शहर हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि त्यावरील गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. आठ-नऊ दिवसांत 'सगळे' पाहणे म्हणजे बहुतेक वेळ विमानतळांवर आणि रात्रीच्या बसमध्ये घालवणे होय. पुस्तकांत आठवडा, पंधरवडा, महिना अशा हिशेबाने आखलेले मार्ग असतात. आठवड्याच्या मार्गात ते साधारणतः एकच टोक धरतात, आणि तेच शहाणपणाचे आहे. तुमच्या तारखा पक्क्या असतील तर हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँग एवढेच निवांतपणे करावे आणि मधला किनारा फेब्रुवारी-मार्चमधल्या एखाद्या फेरीसाठी राखून ठेवावा.

पुस्तकाची बाजू घेत असलो तरी त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने आपल्या प्रांतांची फेररचना करून त्यांची संख्या ६३ वरून ३४ वर आणली. होई आन पूर्वी क्वांग नाम प्रांतात होते, ते आता दा नांग शहराच्या हद्दीत गेले आहे. त्याआधी छापलेल्या प्रत्येक पुस्तकातले प्रांतांचे नकाशे आणि पत्ते त्या दिवशी जुने झाले. पाहण्याच्या जागा हलल्या नाहीत, पण टॅक्सीसाठी, हॉटेलसाठी आणि नोंदणीसाठी फोनवरचा नकाशाच वापरावा आणि तो निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवावा. ई-व्हिसासाठी केवळ तेथील सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच अर्ज करावा. हुबेहूब तशीच दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे शोधयंत्रावर पुष्कळदा आधी दिसतात. थोडक्यात, बेत आखताना पुस्तक आणि रस्त्यावर उतरल्यावर फोन.

प्रश्न : मी घेतलेल्या युरोपच्या पुस्तकात ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही असे स्पष्ट लिहिले आहे. ट्रॅव्हल एजंट मात्र व्हिसासाठी पैसे मागतो. खरे काय? (एक गृहिणी, इंदिरानगर)

उत्तर : व्हिसा लागतो; या बाबतीत एजंट बरोबर आहे. तुमचे पुस्तक ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाच्या वाचकाला समोर ठेवून लिहिलेले आहे आणि ती सवलत त्यांच्या पासपोर्टला आहे. आपला पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या मुद्रणालयात छापला जातो हे आपल्याला अभिमानाचे असले, तरी तो हातात असलेल्यांसाठी त्या पुस्तकातले व्हिसाचे पान लिहिलेले नसते. युरोपातील बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास-आरोग्य विमा बंधनकारक आहे. एजंट त्याशिवाय जे मागत असेल ते त्याचे सेवाशुल्क होय. ते द्यायचे की अर्ज स्वतः भरायचा, हे तुम्ही ठरवावे.

त्याच कारणाने पुस्तकातला 'स्वस्त' हा शेरा रुपयांत मोजून घ्यावा. युरोपवरील पुस्तकात जे जेवण किफायतशीर म्हणून दिलेले असते, त्याचे वीस युरो आपल्याकडच्या चौघांच्या जेवणाच्या बिलाइतके होतात.

प्रश्न : आमचे कुटुंब जैन आहे, मांस-मासे-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. मार्चअखेरीस जपानला जात आहोत. पुस्तकांमध्ये शाकाहारी उपाहारगृहांची यादी असते, पण ती आमच्या कामाची असते का? (एक व्यापारी, पंचवटी)

उत्तर : यादीपेक्षा त्या यादीच्या आधी दिलेला मजकूर महत्त्वाचा. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचा अर्क आहे आणि तो बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कातळ्यांपासून काढतात. मिसोचे सूप, नूडल्सची रस्सा-वाटी, भाज्यांचे शिजवण या सर्वांत तो असतो आणि वाढणारा माणूस प्रामाणिकपणे ते शाकाहारीच समजतो, कारण ताटात मासा दिसत नाही. आहाराच्या प्रकरणात ज्या पुस्तकाने दाशीची ही अडचण नीट समजावली आहे, त्याच्या यादीवर विश्वास ठेवता येतो. ज्याने ती समजावलेली नाही, त्याची यादी तुमच्यासाठी धोक्याची आहे. आमच्या पाहण्यातली काही पुस्तके या बाबतीत दोन वाक्यांवर बोळवण करतात.

पुस्तकात आणखी दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली म्हणजे 'शोजिन र्‍योरी' या बौद्ध मठांतील आहाराची माहिती. त्यात मांस-मासे नसतात आणि परंपरेने कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य असतात, म्हणून तो तुमच्या पथ्याच्या बराच जवळ जातो. कोया पर्वतावरील मंदिरांत मुक्कामाची सोय असून तेथे हेच जेवण मिळते. तरी आरक्षण करतानाच दाशी समुद्रशेवाळाची किंवा मशरूमची आहे ना, आणि कंदमुळांचे काय, हे लेखी विचारून ठेवावे. दुसरी गोष्ट, आपल्याला काय चालत नाही हे सांगणारी वाक्ये जपानी लिपीत छापलेली असावीत. रोमन लिपीतला उच्चार वाचून दाखवण्यापेक्षा पुस्तकाचे पान वाढप्यासमोर धरणे केव्हाही खात्रीचे. स्थळांची नावेही जपानी लिपीत दिलेली असतील तर टॅक्सीवाल्याला आणि स्टेशनवर वाट विचारताना तीच कामी येतात. कोबेला जाणार असाल, तर तेथील कितानो भागात १९८५ साली बांधलेले जैन मंदिर आहे, हे तुम्हाला कदाचित ठाऊक असेलच.

पुस्तक कोणत्या वर्षीचे हे जपानच्या बाबतीत विशेष पाहावे. परदेशी पर्यटकांसाठीचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम महाग झाला. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनचा होता, तो ५०,००० येनचा झाला. त्याआधीची पुस्तके 'डोळे मिटून पास घ्या' असे सांगतात, कारण तेव्हा टोकियोहून क्योतोला जाऊन-येऊनच पासाचे पैसे जवळजवळ वसूल होत. आता तेवढ्या प्रवासात ते होत नाहीत. येथे केवळ एक आकडा शिळा झालेला नाही, त्या आकड्यावर उभा असलेला सल्लाच चुकीचा ठरला आहे, आणि तुमच्या कुटुंबात चार-पाच माणसे असतील तर ही चूक बरीच महागात पडेल. सुटी तिकिटे आणि पास यांची बेरीज मांडूनच ठरवावे.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या दुकानात पाच-सहा वर्षांपूर्वीची गाइडबुके पाव किमतीत मिळतात. विद्यार्थ्याला तेवढे पुरे नाही का? (एक विद्यार्थी, नाशिकरोड)

उत्तर : अर्धे पुस्तक पुरेल. राजवंश, मंदिरे, किल्ले, जुन्या गावातील गल्ल्या, डोंगरातल्या वाटा आणि लोकांच्या चालीरीती यांवरचा मजकूर दहा वर्षांतही फारसा बदलत नाही, आणि काही मालिकांच्या जुन्या आवृत्त्यांत तो नव्या आवृत्त्यांपेक्षा अधिक ऐसपैस असे. हॉटेल, भाडे, बसचे थांबे, तिकिटांची पद्धत या गोष्टी मात्र शिळ्या झालेल्या असतात. क्रोएशियाचे पुस्तक जुने असेल तर त्यात किंमती कुना या चलनात असतील. त्या देशाने १ जानेवारी २०२३ पासून युरो स्वीकारला आणि त्याच दिवशी तो शेंगेन क्षेत्रातही आला, म्हणजे चलन, सीमा आणि व्हिसा ही तिन्ही प्रकरणे एका दिवसात रद्द झाली. पॅरिसमध्ये नोत्र-दाम हे कॅथीड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी आगीत सापडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले. मधल्या काळातील पुस्तके ते बंद असल्याचे सांगतात, आगीपूर्वीच्या पुस्तकांत तर आगीचा पत्ताच नसतो.

वर्ष पाहण्यासाठी मुखपृष्ठावर अवलंबून राहू नये. आतल्या पानावर, जेथे स्वामित्वहक्काची सूचना बारीक टाइपात असते, तेथे आवृत्ती आणि छपाईचे वर्ष सापडते. 'पुनर्मुद्रण' आणि 'नवी आवृत्ती' यांत गल्लत करू नये, कारण पुनर्मुद्रणात मजकूर जुनाच असतो. छापील वर्षातून आणखी एक वर्ष वजा करावे, कारण लेखक फिरून आल्यापासून पुस्तक दुकानात येईपर्यंत साधारण तेवढा काळ जातो.

विकत घेण्यापूर्वी ग्रंथालयात डोकावायलाही हरकत नाही. आपल्या गावातले सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे; तेथे किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या देशाचा इतिहास-भूगोल वाचून घेतला, तर सोबत पातळसे, ताज्या आवृत्तीचे एका शहराचे पुस्तक नेले तरी भागते.

प्रश्न : ऑनलाइन खरेदी करताना चालू वर्षाची म्हणून तीन-चारशे रुपयांची गाइडबुके दिसतात. प्रकाशकाचे नाव ओळखीचे नसते, पण पंचतारांकित अभिप्राय भरपूर असतात. घ्यावीत का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : घेऊ नयेत. २०२३ सालापासून अशा पुस्तकांबद्दल जगभरच्या वृत्तपत्रांतून लिहून आले आहे : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून किंवा इकडून तिकडून उचलून तयार केलेला मजकूर, अस्तित्वातच नसलेला लेखक, त्याचे बनावट छायाचित्र आणि पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय. ओळखण्याची खूण सोपी आहे. नमुन्याची पाने उघडून त्यांत नकाशा आहे का ते पाहावे. नकाशा काढायला खर्च आणि कसब लागते, म्हणून अशा पुस्तकांत तो नसतो किंवा काळपट, न वाचता येणारा असतो. मग एखाद्या संग्रहालयाचा बंद असण्याचा वार शोधावा. 'भेट देण्यापूर्वी वेळा तपासून घ्याव्यात' एवढेच मिळाले, तर पुढे वाचण्याची गरज नाही. नावाजलेल्या मालिकांत लेखकाची ओळख, तो त्या देशात किती काळ राहिला आणि हॉटेलांकडून फुकट पाहुणचार घेण्याबाबत प्रकाशकाचे धोरण काय, हे पहिल्या किंवा शेवटच्या पानांत दिलेले असते.

प्रश्न : ही सर्व पुस्तके इंग्रजीत आहेत. आई-वडिलांना वाचता येतील अशी मराठी गाइडबुके का नाहीत? मराठीत प्रवासवर्णने तर इतकी आहेत. (एक शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : प्रवासवर्णन एकदा लिहिले की पन्नास वर्षे वाचले जाते, कारण वाचक लेखकाच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी ते हातात घेतो. गाइडबुक दर दोन-तीन वर्षांनी लेखकाला पुन्हा त्या देशात पाठवून नव्याने तपासावे लागते, आणि एका देशाच्या एका पुस्तकाचा मराठी खप तो खर्च भरून काढण्याइतका होणे कठीण आहे. आई-वडिलांसाठी करता येण्याजोगे काम असे : चित्रांची मालिका घ्यावी, जाण्याच्या जागांची पाने निवडावीत आणि प्रत्येक जागेवर मराठीत चार ओळी, वेळ, चालण्याचे अंतर, पायऱ्या आणि स्वच्छतागृह कोठे आहे हे एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. प्रवासवर्णन त्यांना जाण्याआधी महिनाभर वाचायला द्यावे. उपाहारगृहाचा पत्ता मात्र त्यातून घेऊ नये.

प्रश्न : आम्ही ग्रुप टूरने जात आहोत, सोबत मराठी टूर मॅनेजर आहेत. मग गाइडबुकची आवश्यकता उरते का? (एक दांपत्य, देवळाली कॅम्प)

उत्तर : प्रवासात फारशी नाही, पैसे भरण्यापूर्वी मात्र आहे. टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत 'फोटो स्टॉप', 'ओरिएंटेशन टूर', 'बसमधून दर्शन' असे शब्द असतात आणि त्यांचा अर्थ बहुधा आत जाणे नाही असा असतो. मित्राकडून किंवा ग्रंथालयातून कोणतेही बरे पुस्तक आणावे, पत्रिकेतले एकेक नाव त्यात काढून त्या ठिकाणी आत पाहण्यासारखे काय आहे आणि त्यासाठी किती वेळ लागतो हे पाहावे, आणि ती यादी घेऊन टूर कंपनीच्या कार्यालयात जावे. कोणत्या जागी तिकीट समाविष्ट आहे, कोठे किती मिनिटे थांबणार आणि संध्याकाळचा मोकळा वेळ हॉटेल शहरात असताना मिळणार की शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर, हे लेखी मागून घ्यावे.